इंग्रजी शब्दांच्या पोटातील पुराणकथा

आपल्या मराठी भाषेत पुराणांतील व्यक्ती व प्रसंग इतके एकजीव होऊन गेले आहेत की, बोलताना त्यांची वेगळी जाणीवही आपणांस राहत नाही. दीर्घ व कष्टाच्या उद्योगास आपण भगीरथ प्रयत्न म्हणतो, हमखास गुण देणाऱ्या औषधास रामबाण म्हणतो, ओलांडू नये अशा मर्यादेस लक्ष्मणरेषा म्हणतो आणि दोन्हीकडून अंतरलेल्या मनुष्याचा त्रिशंकू झाला असे म्हणतो. शाळेची पायरीही न चढलेली आजीबाई हे शब्द अचूक योजिते, कारण शब्दामागील कथा तिने लहानपणीच ऐकलेली असते. कथा ठाऊक असली म्हणजे शब्द परका वाटत नाही.

इंग्रजी भाषेचीही स्थिती अशीच आहे. तिच्यातील कितीतरी नित्याचे शब्द प्राचीन ग्रीक व रोमन लोकांच्या पुराणकथांतून आलेले आहेत. परंतु आपल्या खेड्यातील बालकाने त्या कथा ऐकलेल्या नसतात. महाराष्ट्रात इ. स. २००० पासून इयत्ता पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाऊ लागले. ज्या घरात ही भाषा कोणाच्याही तोंडी नाही, त्या घरातील मूल शब्दाची अक्षरे घोकते, परीक्षेपुरती ती ध्यानात ठेवते आणि पुढे विसरून जाते. अशा मुलाला शब्दाबरोबर त्याची कथाही दिली, तर शब्द धरून ठेवण्यास त्याला एक मूठ मिळते. मात्र ती कथा खरी असावी लागते. खेड्यात गुरुजींनी किंवा बाईंनी सांगितलेली गोष्ट मुले जन्मभर खरी मानून चालतात. म्हणून काही निवडक शब्दांच्या कथा देणे आणि त्या सांगताना कोणता विवेक बाळगावा हे स्पष्ट करणे, असा या लेखाचा दुहेरी हेतू आहे.

कथा इंग्रजीत कशा आल्या

या कथांपैकी बहुतेकांचे मूळ ग्रीक आहे. रोमन लोकांचा ग्रीकांशी संबंध आल्यावर त्यांनी आपल्या देवतांची ग्रीक देवतांशी सांगड घातली. ग्रीकांचा देवराज झ्यूस म्हणजे रोमनांचा ज्युपिटर, त्याची पत्नी हेरा म्हणजे जूनो, युद्धदेव एरीज म्हणजे मार्स, धान्यदेवता डिमीटर म्हणजे सेरेस आणि लोहारकाम करणारा अग्निदेव हेफेस्टस म्हणजे व्हल्कन. रोमनांची लॅटिन भाषा पुढे कित्येक शतके युरोपातील विद्येची भाषा राहिली. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर लॅटिनपासून निघालेल्या फ्रेंच भाषेचे शब्दही इंग्रजीत मोठ्या प्रमाणावर शिरले. अशा रीतीने ग्रीसमधील कथा रोम व फ्रान्स यांच्या वाटेने इंग्लंडात पोहोचल्या आणि तेथून पाठ्यपुस्तकांतून आपल्या वर्गात आल्या.

वर्गातील व घरातील शब्द

शाळेच्या कपाटात नकाशांचे जे पुस्तक असते, त्यास 'अ‍ॅटलास' म्हणतात. ग्रीक कथेप्रमाणे अ‍ॅटलास हा टायटन नावाच्या प्राचीन देवकुळातील एक महाबली होता. टायटनांचे झ्यूसशी युद्ध झाले, त्यात त्यांचा पराभव झाला आणि आकाश खांद्यावर तोलून धरण्याची शिक्षा अ‍ॅटलासला मिळाली. तो पृथ्वी उचलून धरतो असे चित्र आपण पुष्कळदा पाहतो, पण मूळ कथेत त्याच्या खांद्यावर आकाश आहे. नकाशासंग्रहास हे नाव मिळाले, ते गेरार्डस मर्केटर या भूगोलशास्त्रज्ञाच्या ग्रंथामुळे. तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १५९५ मध्ये प्रसिद्ध झाला. मर्केटरच्या मनात मात्र शिक्षा भोगणारा टायटन नव्हता, तर आकाशाचा पहिला गोल बनविणारा म्हणून दंतकथेत प्रसिद्ध असलेला, वायव्य आफ्रिकेतील अ‍ॅटलास नावाचाच एक विद्वान राजा होता. वायव्य आफ्रिकेतील अ‍ॅटलास पर्वत व त्यापलीकडील अटलांटिक महासागर यांची नावेही याच नावावरून पडली आहेत. भूगोलाच्या तासाला ही तिन्ही नावे एकत्र दाखविता येतील.

धान्यास इंग्रजीत 'सीरियल' म्हणतात. हा शब्द सेरेस या रोमन धान्यदेवतेच्या नावावरून आला. तिच्या कन्येस पाताळाचा राजा पळवून नेतो आणि माता शोकाकुल होऊन भूमीला पीक देणे थांबविते. शेवटी अशी तडजोड होते की, कन्येने वर्षाचा काही काळ पाताळात आणि उरलेला काळ मातेजवळ राहावे. ती पाताळात असते तेव्हा जमीन उजाड पडते आणि ती परत आली की शिवार हिरवे होते. पेरणी व सुगी डोळ्यांनी पाहणाऱ्या मुलांना ही कथा समजावून देण्यास वेळ लागणार नाही. येथे एक खुलासा अवश्य करावा. दूरचित्रवाणीवरील मालिकेसही आपण 'सीरियल' म्हणतो, पण तो शब्द निराळा आहे. तो रांग किंवा क्रम या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघाला असून सेरेसशी त्याचा संबंध नाही. उच्चार सारखा असला तरी इंग्रजीत धान्याचा शब्द 'सी' या अक्षराने व मालिकेचा 'एस' या अक्षराने सुरू होतो. कथा ऐकलेले मूल हा भेद सहज लक्षात ठेवील.

ज्वालामुखीस 'व्हल्कॅनो' म्हणतात. सिसिली बेटाच्या उत्तरेस याच नावाचे एक लहान बेट असून तेथे ज्वालामुखी आहे. त्याचा शेवटचा उद्रेक १८८८ ते १८९० या काळात झाला. त्या बेटाखाली व्हल्कन देवाची भट्टी आहे, अशी रोमन लोकांची समजूत होती. लोहाराचा भाता, लाल झालेले लोखंड आणि उडणाऱ्या ठिणग्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला ही कल्पना कशी सुचली असेल हे निराळे सांगावे लागत नाही.

आरोग्याच्या पाठात 'हायजीन' हा शब्द येतो. ग्रीकांचा वैद्यदेव अ‍ॅस्क्लीपिअस याच्या एका कन्येचे नाव हायजिया, म्हणजे आरोग्य, आणि दुसरीचे नाव पॅनासिया, म्हणजे सर्व रोगांवरचा उतारा. दुसरीच्या नावावरून इंग्रजीत सर्व व्याधींवरील रामबाण उपायास 'पॅनासिया' म्हणतात. ज्या दंडाभोवती सर्प गुंडाळलेला आहे असे चिन्ह जागतिक आरोग्य संघटनेच्या मुद्रेत व पुष्कळ रुग्णवाहिकांवर दिसते, तो दंड याच अ‍ॅस्क्लीपिअसचा होय.

'म्यूझिक' व 'म्यूझियम' हे दोन शब्द सख्खी भावंडे आहेत. काव्य, गायन, नृत्य, इतिहास इत्यादी विद्याकलांच्या नऊ अधिष्ठात्री देवतांना ग्रीक लोक म्यूझ म्हणत. त्यांची कला ती म्यूझिक आणि त्यांचे स्थान ते म्यूझियम. इजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरीत इ. स. पू. तिसऱ्या शतकात या नावाचे विख्यात विद्यापीठ होते. या नऊ भगिनींची माता नेमोसिनी, म्हणजे स्मृती. सर्व विद्याकला स्मृतीच्या उदरी जन्मल्या, ही कल्पना शिक्षकाने मनात वागवावी अशीच आहे.

प्रतिध्वनीस 'एको' म्हणतात. एको ही एक वनदेवता होती. तिच्या बडबडीमुळे रागावून हेरेने तिला असे शासन केले की, दुसऱ्याच्या बोलण्यातील शेवटचे शब्द तेवढे तिला उच्चारता यावेत. पुढे ती नार्सिसस नावाच्या रूपवान तरुणावर अनुरक्त झाली, पण त्याने तिचा अव्हेर केला. दुःखाने ती झिजत गेली आणि अखेर तिचा आवाज तेवढा उरला. नार्सिसस पाण्यातील आपल्याच प्रतिबिंबावर लुब्ध होऊन तेथेच प्राणास मुकला. म्हणून आत्मप्रीतीने आंधळ्या झालेल्या मनुष्यास इंग्रजीत त्याच्या नावाने ओळखतात. विहिरीच्या काठाशी किंवा डोंगराच्या कड्यासमोर हाक मारून पाहिलेल्या मुलांना ही कथा विशेष रुचेल.

'पॅनिक' म्हणजे एकाएकी उसळणारी, कारण न समजणारी भीती. पॅन हा बोकडाचे पाय व शिंगे असलेला, धनगरांचा व रानाचा देव. निर्जन रानात अकस्मात घबराट उडावी आणि शांत चरणारा कळप उधळावा, हे त्याचे कृत्य असे ग्रीक लोक मानीत. या भीतीला तिच्या देवाच्या नावाने ओळखता ओळखता शब्द रूढ झाला.

शेवटी 'क्लू' हा शब्द पाहावा. हा शब्द स्वतः ग्रीक नाही. जुन्या इंग्रजीत दोऱ्याच्या गुंड्यास हे नाव होते. क्रीट बेटावरील भूलभुलैयात मिनोटॉर नावाचा राक्षस राहत असे. त्यास मारण्यासाठी थीसिअस हा वीर आत शिरला, तेव्हा अ‍ॅरिअ‍ॅडनी या राजकन्येने त्याच्या हाती दोऱ्याचा गुंडा दिला. तो उलगडीत तो आत गेला आणि त्याच दोऱ्याच्या आधाराने बाहेर आला. या कथेमुळे गुंड्याचा अर्थ मागे पडून 'वाट दाखविणारी खूण' हा अर्थ शब्दास चिकटला. आपणही तपासात धागेदोरे हाती लागले असे म्हणतो. दोन दूरच्या भाषांना स्वतंत्रपणे एकच उपमा सुचली, हे मौजेचे आहे.

महिने आणि वार

प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर दिनदर्शिका असते. तिच्यातील पहिला महिना जानेवारी हा जेनस देवाचा. हा द्वारांचा व आरंभाचा देव असून त्यास दोन मुखे असत, एक मागे पाहणारे व एक पुढे पाहणारे. मार्च हा युद्धदेव मार्सचा. जून हा जूनोचा आणि मे हा माया नावाच्या रोमन देवीचा असे सामान्यतः मानतात. तथापि या दोन महिन्यांविषयी प्राचीन रोमन लेखकांतही एकमत नव्हते. एप्रिलच्या व्युत्पत्तीविषयी तर आजही मतभेद आहेत. फेब्रुवारीस शुद्धिविधीवरून नाव मिळाले. जुलै व ऑगस्ट हे देवांचे महिने नव्हेत. ज्युलिअस सीझर व ऑगस्टस यांच्या सन्मानार्थ अनुक्रमे इ. स. पू. ४४ व इ. स. पू. ८ मध्ये जुनी नावे बदलून ही नावे ठेवण्यात आली.

सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर यांचा अर्थ सातवा, आठवा, नववा, दहावा असा आहे. ते आज नववे ते बारावे का, असा प्रश्न चौकस मूल विचारील. त्याचे उत्तर असे की, रोमनांचे जुने वर्ष मार्चपासून सुरू होत असे. या चार नावांशेजारी सप्त, अष्ट, नव, दश हे आपले शब्द फळ्यावर लिहावेत. साम्य मुलांना आपोआप दिसेल.

वारांची कथा याहून महत्त्वाची आहे, कारण ती आपल्या अंगणातून जाते. प्राचीन ज्योतिषी सात ग्रह मानीत आणि पृथ्वीपासूनच्या अंतरानुसार त्यांचा क्रम शनि, गुरू, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र असा लावीत. दिवसाच्या चोवीस तासांपैकी एकेक तास या क्रमाने एकेका ग्रहाकडे असे आणि पहिल्या तासाचा जो स्वामी, त्याचे नाव त्या दिवसास मिळे. चोवीसास सातांनी भागले असता बाकी तीन उरते. म्हणून दर दिवशी क्रमात तीन घरे पुढे जावे लागते. शनीपासून तीन घरे मोजली की रवि येतो, रवीपासून तीन घरांवर चंद्र, मग मंगळ, बुध, गुरू व शुक्र. शनिवारानंतर रविवार व त्यानंतर सोमवार का येतो, याचे उत्तर एका भागाकारात मिळते. इयत्ता चौथीच्या मुलांकडून हे उदाहरण फळ्यावर अवश्य करवून घ्यावे.

इंग्रजीतील सॅटर्डे म्हणजे सॅटर्न या रोमन देवाचा, अर्थात शनि ग्रहाचा दिवस. संडे सूर्याचा आणि मंडे चंद्राचा. उरलेल्या चार वारांत इंग्रजांच्या पूर्वजांनी रोमन देवांऐवजी आपले तत्सम देव बसविले. मार्सच्या जागी टिव, मर्क्युरीच्या जागी वोडन, ज्युपिटरच्या जागी थोर आणि व्हीनसच्या जागी फ्रिग. नावे बदलली, पण ग्रहांचा क्रम तोच राहिला. भारतातही हीच ग्रहवारांची पद्धती इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत यवन, म्हणजे ग्रीक, ज्योतिषाबरोबर आली. वाराच्या उल्लेखासह तिथी देणारा आपल्याकडील एक अत्यंत जुना लेख मध्य प्रदेशातील एरण येथे गुप्तराजा बुधगुप्त याच्या काळातील स्तंभावर आहे. तो इ. स. ४८४ चा असून त्यात गुरुवाराचा निर्देश आहे.

सारखेपणाचे तीन प्रकार

आता विवेकाचा मुद्दा येतो. इंग्रजी व संस्कृत किंवा मराठी शब्दांत साम्य दिसले की, सर्व शब्द आपल्याकडूनच गेले असे कोणी म्हणतो, तर कोणी सर्व तिकडूनच आले असे म्हणतो. दोन्ही विधाने उतावळेपणाची आहेत. साम्य तीन प्रकारचे असते.

पहिला प्रकार उसनवारीचा. ज्योतिषातील 'होरा' हा शब्द ग्रीक 'होरा' या शब्दावरून संस्कृतात आला आणि त्याच ग्रीक शब्दापासून इंग्रजीतील तासवाचक 'अवर' हा शब्द निघाला. ग्रीक पुराणात याच नावाच्या ऋतुदेवताही आहेत. अहोरात्र या शब्दाची पहिली व शेवटची अक्षरे गाळून होरा शब्द झाला, असे काहींचे मत वराहमिहिराने सहाव्या शतकात नमूद केले आहे. युक्ती चतुर आहे, परंतु शब्दाचा इतिहास तसा नाही.

दुसरा प्रकार समान वारशाचा. ऋग्वेदातील द्यौष्पितृ, ग्रीकांचा पिता झ्यूस आणि रोमनांचा ज्युपिटर ही तिन्ही नावे एकाच प्राचीन नावाची रूपे आहेत. येथे कोणी कोणाकडून घेतले नाही. भावंडांनी एकाच घरातून वाटणीने आणले, असे हे आहे. सप्त व सप्टेंबर यांचे नातेही असेच. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एका समान मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, हा विचार सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडला आणि पुढील संशोधनाने तो दृढ झाला.

तिसरा प्रकार निव्वळ योगायोगाचा. मे महिन्याची रोमन माया आणि आपल्या वेदान्तातील माया यांचा संबंध नाही. मुंबईत गेटवे ऑफ इंडियाजवळ अपोलो बंदर आहे. ते नाव ग्रीकांच्या अपोलो देवाचे वाटते, परंतु पालवा या स्थानिक नावाचे इंग्रजांच्या तोंडी झालेले ते रूपांतर होय, असे सामान्यतः मानतात. याउलट १९६९ मध्ये मनुष्यास चंद्रावर नेणाऱ्या अपोलो यानाचे नाव खरोखर त्या देवावरूनच ठेवले होते. २०२२ मध्ये चंद्राकडे पाठविलेल्या मनुष्यविरहित यानाच्या मोहिमेस त्याच्या जुळ्या बहिणीचे, आर्टेमिसचे, नाव दिले गेले. अक्षरे तीच असूनही एक संबंध खरा व दुसरा भासमान असू शकतो.

वर्गात कसे योजावे

या कथांसाठी स्वतंत्र तास नको. पाठात शब्द येईल त्या वेळी पाच मिनिटांत, सोप्या मराठीत कथा सांगावी. प्रथम मराठीतील ओळखीचा प्रयोग घ्यावा, मग इंग्रजी शब्द. भगीरथ प्रयत्न ज्यास कळला, त्यास हर्क्युलिसचे अचाट उद्योग सांगून 'हर्क्युलियन' शब्द पटकन उमगतो. एका आठवड्यात एकच शब्द पुरे. कथेवर परीक्षेत गुण ठेवू नयेत, अन्यथा तिचीही घोकंपट्टी होईल. कथांतील लहान मुलांस अयोग्य असे प्रसंग गाळावेत. या देवतांना एके काळी लाखो लोक भक्तिभावाने भजत होते, याचे भान ठेवून त्यांची थट्टा होऊ देऊ नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, व्युत्पत्ती निश्चित ठाऊक नसेल तर तसे मोकळेपणाने सांगावे आणि चांगला शब्दकोश पाहून दुसऱ्या दिवशी उत्तर द्यावे. गुरुजीही कोश पाहतात हे मुलांना दिसणे हाच एक मोठा पाठ आहे. त्याने शिक्षकाचा मान उणावत नाही. उलट शब्दाचा अर्थ अंदाजाने ठोकून द्यावयाचा नसतो, तो शोधावयाचा असतो, हे मुलांच्या मनावर ठसते.

दोन वर्षांनी ज्या मुलाला पाठ आठवणार नाही, त्याला सेरेसची कन्या व थीसिअसचा दोरा आठवेल आणि त्या दोऱ्यास धरून शब्दही परत येईल. परकी भाषाही आपल्यासारख्याच माणसांनी, शेतात राबताना, गुरे राखताना आणि आकाशाकडे पाहताना घडविली आहे, एवढे त्यास कळले तर तिचे भय त्यास वाटणार नाही. ते भय घालविणे आपल्या हाती आहे.